विश्लेषण : बॅकअप टेप तीस वर्षे टिकते म्हणतात, हिंगोलीच्या उन्हात किती?

औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहत आहे. हिंगोलीत सगळे तिला 'लिगो'च म्हणतात. तिच्याविषयी बोलताना जमीन, रस्ते, नोकऱ्या आणि २,६०० कोटी रुपये हे विषय हमखास निघतात. या वेधशाळेतून रात्रंदिवस जो डेटा बाहेर पडेल, त्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. तो कशावर ठेवला जाईल आणि वीस वर्षांनी वाचता येईल का, हा प्रश्न फक्त शास्त्रज्ञांचा नाही. जिल्ह्यातल्या पतसंस्थेपासून तहसील कचेरीपर्यंत सगळ्यांचा आहे. त्याच्या उत्तरात एक जुनी, अनेकांना कालबाह्य वाटणारी वस्तू पुन्हा पुन्हा येते. ती म्हणजे चुंबकीय टेप.

टेप अजून कोण वापरते?

बरेच जण वापरतात, आणि त्यात जगातल्या सर्वांत मोठ्या संस्था आहेत. जिनिव्हाजवळची 'सर्न' प्रयोगशाळा आपल्या प्रयोगांचा डेटा दीर्घकाळासाठी टेपवरच ठेवते. फेब्रुवारी २०११मध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांचे इनबॉक्स एका सकाळी रिकामे दिसू लागले. हे प्रमाण गूगलच्या म्हणण्यानुसार सुमारे ०.०२ टक्के होते. गूगलकडे त्या मेलच्या अनेक प्रती वेगवेगळ्या ठिकाणी होत्या, पण चूक त्या प्रतींपर्यंतही पोहोचली होती. मेल परत आले ते टेपवरून. टेप मशीनमधून काढून बाजूला ठेवलेली असते, त्यामुळे चूक तिथपर्यंत पोहोचू शकत नाही.

खंडणीखोर व्हायरसच्या काळात हाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या 'एम्स'वर सायबर हल्ला झाला. देशातले सर्वांत नावाजलेले सरकारी रुग्णालय कित्येक दिवस कागद-पेनावर चालले. हल्ला न पोहोचलेल्या एका बॅकअप सर्व्हरमुळे डेटा परत मिळाला, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. कपाटात ठेवलेल्या टेपला वायर नसते, इंटरनेट नसते. तिच्यावर हल्ला करायचा तर कपाटाचे कुलूपच तोडावे लागते. शिवाय ती वीज खात नाही, आणि मराठवाड्यात भारनियमन भोगलेल्या कोणालाही याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आज चालते ती टेप 'एलटीओ' नावाची. तिची पहिली पिढी २०००मध्ये आली. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी, म्हणजे जिल्हा आणि ही टेप जवळपास एकाच वयाचे. पहिल्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १०० गिगाबाइट मावत. २०२१मध्ये आलेल्या नवव्या पिढीच्या कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात, म्हणजे १८० पट. आकार तोच, तळहातात मावणारा.

या कार्ट्रिजमध्ये असते काय?

एकच चाक आणि त्यावर गुंडाळलेली अर्धा इंच रुंदीची पट्टी. नवव्या पिढीत ती १,०३५ मीटर लांब आणि सुमारे ५.२ मायक्रॉन जाड असते. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर त्याच्या जाडीत या पट्टीचे तेरा थर बसतील. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर चुंबकीय कणांचा लेप असतो आणि ते कण चिकटवून ठेवणारा एक गोंदासारखा पदार्थ असतो. हा गोंद लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

त्या अर्ध्या इंचाच्या रुंदीत ८,९६० मार्ग आखलेले असतात. एकेका मार्गाच्या वाट्याला दीड मायक्रॉनही येत नाही. मशीनचे डोके एका वेळी ३२ मार्ग लिहीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि मग उलट फिरते. अशा २८० फेऱ्या झाल्या की कार्ट्रिज भरते. गुणाकार करून पाहा. एक कार्ट्रिज पूर्ण भरताना मशीनच्या डोक्याखालून सुमारे २९० किलोमीटर टेप घासत जाते. हिंगोलीहून छत्रपती संभाजीनगर गाठूनही उरेल एवढे हे अंतर आहे. एवढ्या प्रवासात एखादा धूळकण मध्ये आला तर काय होईल, याचा अंदाज कोणालाही करता येईल.

जुना डेटा एवढा जपायचा कशासाठी?

लायगोचेच उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय लहरी टिपल्या. ही बातमी ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जाहीर झाली आणि सहाच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, केंद्राने भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी मिळायला ६ एप्रिल २०२३ उजाडला.

या गाजलेल्या घटनेनंतर महिनाभरात, १२ ऑक्टोबर २०१५ रोजी, आणखी एक क्षीण संकेत आला होता. तो खरा की यंत्राचाच गोंगाट, हे तेव्हा खात्रीने सांगता आले नाही, म्हणून त्याला 'शोध' हा दर्जा मिळाला नाही. पुढे विश्लेषणाच्या पद्धती सुधारल्या. तोच जुना डेटा पुन्हा चाळला गेला आणि २०१८मध्ये त्या संकेताची गणना खऱ्या घटनांत झाली. दोन कृष्णविवरांची टक्कर तीन वर्षे डेटामध्ये पडून होती. ती सापडली कारण डेटा कोणी पुसला नव्हता.

पुसला असता तर काय झाले असते, हेही माहीत आहे. १९६९मध्ये अपोलो-११ चंद्रावर उतरले तेव्हा तिथून आलेले मूळ, अधिक स्पष्ट चित्रण टेपवर नोंदले होते. टीव्हीवर जगाने पाहिले ते त्याचे उतरवलेले, धूसर रूप. नासाने अनेक वर्षे मूळ टेप शोधल्या आणि २००९मध्ये सांगितले, की टेपचा तुटवडा असताना त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. माणूस चंद्रावर गेला आणि त्याचे मूळ चित्रण टेपच्या काटकसरीत गेले! आपल्याकडे 'सोमवारची टेप पुढच्या सोमवारी परत वापरा' ही पद्धत अजून चालते. म्हणून हे उदाहरण मला फार लांबचे वाटत नाही.

आकड्यांनी दडपून जाण्याचेही कारण नाही. अमेरिकेतल्या लायगोच्या संग्रहात वर्षाला साधारण ८०० टेराबाइटची भर पडते, असे लायगो प्रयोगशाळेने म्हटले आहे. ऐकायला प्रचंड वाटते, पण १८ टेराबाइटच्या कार्ट्रिजमध्ये मांडले तर वर्षाला ४५ कार्ट्रिज होतात. शाळेच्या दप्तरांच्या दोन-तीन खणांत मावतील एवढ्याच.

मग टेप मरते कशाने?

'तीस वर्षे टिकते' हे उत्पादक सांगतात ते खोटे नाही, पण त्यापुढे अट असते. दीर्घकाळ साठवणुकीसाठी तापमान १६ ते २५ अंश आणि हवेतली आर्द्रता २० ते ५० टक्के. आता हिंगोलीचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याचे छत किंवा पश्चिमेची भिंत असलेल्या खोलीत तर संध्याकाळी सातलाही भट्टी पेटलेली असते. जुलै-ऑगस्टमध्ये हवा एवढी दमट असते की पापडाची बरणी उघडी राहिली तर दुपारपर्यंत पापड मऊ पडतात. म्हणजे वर्षातले सहा महिने तरी टेप त्या अटीच्या बाहेर असते. तीस वर्षांचा हिशेब मग कुठे राहिला?

मघाचा गोंद इथे कामाला येतो. दमट हवेत हा पदार्थ पाणी शोषतो आणि हळूहळू त्याची रासायनिक मोडतोड होते. लेप चिकट होतो, सुटू लागतो आणि मशीनच्या डोक्यावर जमतो. १९७० आणि ८०च्या दशकातल्या ध्वनिफितींमध्ये हा रोग जगभर दिसला. तज्ज्ञ अशा फिती पन्नासेक अंशांवर काही तास 'भाजून' एकदा वाचण्यापुरत्या शुद्धीवर आणतात. (हे वाचून कोणी घरच्या ओव्हनकडे वळू नये. जे उरले आहे तेही जाईल.) आताच्या टेपचा गोंद सुधारला आहे, पण पाण्याशी त्याचे वैर संपलेले नाही.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. उष्णता आणि ओलाव्याने पट्टी किंचित रुंदावते, कोरडेपणाने आकसते. जुन्या टेपचे मार्ग रुंद होते, म्हणून हे खपून जायचे. आता मार्ग दीड मायक्रॉनचे झाल्यावर पट्टीची रुंदी बदलली की मशीनला मार्गच सापडत नाही. म्हणून नवव्या पिढीची कोरी टेप पहिल्यांदा मशीनमध्ये घातली की मशीन आधी तिचे मोजमाप घेत बसते. त्याला सरासरी चाळीस मिनिटे, कधी दोन तासही लागतात. मशीन बिघडले असे समजून अनेक जण मध्येच बटण दाबून टेप बाहेर काढतात. तसे करू नका. आणि ज्या खोलीत टेप वापरायची, त्या खोलीत ती किमान एक दिवस आधी आणून ठेवा. कुरिअरच्या तापलेल्या गाडीतून आलेली टेप थेट एसीतल्या मशीनमध्ये घालणे म्हणजे उन्हातून आलेल्या माणसाला बर्फाच्या पाण्याने अंघोळ घालणे.

एसीविषयीही एक गैरसमज आहे. सकाळी दहाला सुरू आणि संध्याकाळी सहाला बंद, असा एसी टेपचे भले करतोच असे नाही. रोज एकदा थंड, एकदा गरम, त्यात पावसाळ्यात दव धरते. सतत २८ अंशांवर स्थिर असलेली आतली खोली या चढउतारापेक्षा बरी, असे माझे मत आहे. एसी चोवीस तास परवडत नसेल तर इमारतीतली मधली खोली निवडा. पश्चिमेची भिंत नको, वर पाण्याची टाकी नको, शेजारी संडास-बाथरूम नको. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात टेप आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पुड्या ओल शोषेनाशा झाल्या की बदला. तापमान-आर्द्रता दाखवणारे छोटे घड्याळ काही शे रुपयांत मिळते. ते भिंतीवर लावा आणि आठवड्यातून एकदा वहीत आकडा टिपा.

धूळ हा हिंगोलीचा खास विषय आहे. हिंगोली आणि वसमतच्या हळदीच्या बाजारपेठेचे नाव दूरवर आहे. हंगामात मोंढ्याच्या आसपासच्या दुकानांच्या काउंटरवर बोट फिरवले तर बोट पिवळे होते. अगदी बारीक हळदीचा कणही टेपवरच्या एका मार्गापेक्षा कित्येक पट मोठा असतो. असा कण डोक्याखाली आला तर ओरखडा पडतो आणि त्या ओरखड्याने पुढच्या टेपाही खराब होतात. त्यात सोयाबीनचा भुसा, कापसाचे तंतू आणि झाडू. झाडू खरेच शत्रू आहे. मशीनच्या खोलीत कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. मशीन जमिनीवर किंवा प्रिंटरच्या शेजारी ठेवू नये. कागदाची भुकटीही धूळच असते.

मशीनचे डोके साफ करायला वेगळी क्लीनिंग कार्ट्रिज येते. ती साधारण ५० वेळा चालते, नंतर फेकायची. पण 'दर सोमवारी साफसफाई' असा उत्साहही नको, कारण ती खरखरीत असते आणि डोके झिजवते. मशीन स्वतः मागते तेव्हाच घालावी.

चुंबकाची भीती मात्र अवास्तव आहे. मोबाइल शेजारी ठेवला म्हणून टेप पुसली जात नाही. मोठ्या स्पीकरवर किंवा मोटारीला टेकवून ठेवू नये, एवढे पुरे. त्यापेक्षा हातातून पडणे धोक्याचे. कार्ट्रिजच्या कोपऱ्यात पट्टीचे टोक धरणारी एक बारीक पिन असते. मशीन तिलाच पकडून टेप ओढते. ती हलली की टेप मशीनमध्ये अडकते. पडलेली टेप 'दिसायला ठीक आहे' म्हणून सरळ वापरू नका. आणि टेप पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, थप्पी लावू नका. आडव्या ठेवल्या की पट्टीच्या कडांवर भार येतो.

बॅकअप घेताना काय चुकते?

एक चूक फार सामान्य आहे आणि ती कोणाला दिसत नाही. नव्या टेपला सेकंदाला ४०० मेगाबाइट वेगाने डेटा हवा असतो. कार्यालयातला जुना संगणक तो थेंबाथेंबाने देतो. मग टेप थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा पुढे, पुन्हा थांबते. चांभार बुटाला पॉलिश करताना फडके पुढे-मागे ओढतो तसे. टेप आणि डोके दोन्ही यात झिजतात. उपाय सोपा आहे. डेटा आधी एका वेगवान डिस्कवर गोळा करा आणि तिथून एका दमात टेपवर उतरवा.

दुसरी चूक आहे मशीनला विसरण्याची. टेप तीस वर्षे टिकेल, पण ती वाचणारे मशीन? सातव्या पिढीपर्यंतची एलटीओ मशीन आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचू शकत. आठव्या पिढीपासून फक्त एकच मागची पिढी वाचता येते. २०२५मध्ये आलेली दहावी पिढी तर मागचे काहीच वाचत नाही. म्हणजे २०१०च्या सुमाराला पाचव्या पिढीच्या टेपवर ठेवलेला डेटा सातव्या पिढीच्या मशीनपर्यंतच वाचता येतो. ते मशीन जपून ठेवा, किंवा डेटा वेळेवर नव्या टेपवर हलवा. दर सात-आठ वर्षांनी हे करावे लागणार, हे धरूनच चालावे.

मशीन जपण्याची एक छान गोष्ट आहे. १९६६-६७मध्ये नासाच्या लूनार ऑर्बिटर यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठवली. ती सुमारे १,५०० टेपवर होती. पुढे त्या वाचणारी फ्रिजएवढी मशीन जगात जवळपास उरली नाहीत. नासामध्ये काम केलेल्या नॅन्सी इव्हान्स यांनी भंगारात निघालेली अशी काही मशीन वर्षानुवर्षे आपल्या घरी गॅरेजमध्ये ठेवली होती. २००७नंतर उत्साही तंत्रज्ञांच्या गटाने ती दुरुस्त केली आणि नासाच्या आवारातल्या एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डमध्ये बसून चाळीस वर्षांपूर्वीची छायाचित्रे बाहेर काढली. चंद्राच्या क्षितिजावर दिसणारी पृथ्वी त्यांत होती, आणि मूळ प्रसिद्ध झालेल्या चित्रापेक्षा कितीतरी स्पष्ट.

आग लागली, चोरी झाली, जमीन हलली तर?

२१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फायली जळाल्या. त्यानंतर अनेक कार्यालयांनी 'फायरप्रूफ' तिजोऱ्या घेतल्या. पण कागदासाठीची तिजोरी आतले तापमान १७७ अंशांच्या खाली ठेवण्यासाठी बनवलेली असते. तेवढ्यात कागद तगतो, टेप निकामी होते. टेपसाठी आतले तापमान ५२ अंशांच्या वर जाऊ न देणारी वेगळी तिजोरी लागते. तुमच्या कार्यालयातल्या तिजोरीवरचे लेबल वाचून पाहा. खरा उपाय त्याहून स्वस्त आहे. दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवणे.

पण दुसऱ्या गावात नेतानाही भान हवे. २०११मध्ये अमेरिकेत लष्कराच्या आरोग्य योजनेतल्या सुमारे ४९ लाख लोकांची माहिती असलेल्या टेप एका कर्मचाऱ्याच्या उभ्या गाडीतून चोरीला गेल्या. चौथ्या पिढीपासून एलटीओ मशीनमध्येच कुलूपबंद लेखनाची, म्हणजे एन्क्रिप्शनची सोय आहे. ती वापरावी. तिची किल्ली मात्र त्याच संगणकात ठेवू नये, कारण संगणक गेला की किल्लीही गेली आणि मग टेप असून नसल्यासारखी.

भूकंपाचा मुद्दा हिंगोलीला समजावून सांगण्याची गरज नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसराने जमिनीतून येणारे आवाज वर्षानुवर्षे ऐकले आहेत. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे ४.५ तीव्रतेचा आणि लगेच ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५चा. एवढ्या धक्क्याने इमारती पडत नाहीत, पण भिंतीला न बांधलेले लोखंडी रॅक हलते आणि वरच्या खणातली टेप फरशीवर येते. रॅक भिंतीला दोन बोल्टने बांधून टाका. टेप कमरेच्या उंचीवर ठेवा. अगदी खाली नको, तिथे पावसाचे पाणी येते.

सगळे क्लाउडवर टाकले तर हा व्याप कशाला?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. रोजचे छोटे काम क्लाउडवर जरूर ठेवावे. पण एका कार्ट्रिजएवढा, म्हणजे १८ टेराबाइट डेटा शंभर एमबीपीएसच्या जोडणीवरून वर चढवायला, ती जोडणी एक क्षणही न तुटता पूर्ण वेगाने चालली तरी, साडेसोळा दिवसांहून जास्त लागतात. परत उतरवायलाही तेवढेच. टेपवर हेच काम साडेबारा तासांत होते. शिवाय क्लाउडचे भाडे थकले की काय होते, याचा विचार अनुदानावर चालणाऱ्या संस्थांनी तरी करावा. टेपला भाडे नाही. एक प्रत कामाच्या संगणकावर, एक क्लाउडवर किंवा दुसऱ्या डिस्कवर आणि एक टेपवर परगावी, ही विभागणी मला शहाणपणाची वाटते.

मला हे एवढे का खुपते?

काही वर्षांपूर्वी संगणक देखभालीच्या कामानिमित्त मराठवाड्यातल्या एका पतसंस्थेत मला बोलावले होते. सर्व्हरची डिस्क गेली होती. व्यवस्थापक शांत होते. "साहेब, काळजी नाही, बॅकअप रोज होतो," म्हणाले. त्यांनी कपाट उघडले. पश्चिमेच्या भिंतीला लागून, खिडकीतल्या एसीखाली. आत पाच टेप एकावर एक आडव्या. वर चिठ्ठ्या : सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. सात वर्षे त्याच पाच टेप फिरत होत्या. शनिवारी अर्धा दिवस काम असायचे, त्याची टेपच नव्हती.

"यातली एखादी टेप परत काढून बघितली का कधी?" मी विचारले.

"परत काढून? नाही बुवा. हिरवा दिवा लागतो की रोज."

हिरवा दिवा लागत होता तो लिहिण्याचा. लिहिलेले वाचता येते का, हे सात वर्षांत कोणी पाहिले नव्हते. शुक्रवारची टेप निम्मी वाचली गेली, बाकी चार नाहीत. शेवटी लेखापरीक्षकांकडे असलेली तीन महिन्यांपूर्वीची प्रत हाती लागली. मधल्या तीन महिन्यांच्या नोंदी सभासदांची पासबुके मागवून हाताने भराव्या लागल्या. पंधरा दिवस रांग होती. एक आजी रोज यायच्या. त्यांच्या पिग्मीच्या पावत्या घरातल्या पावसाने भिजल्या होत्या आणि पासबुकात नोंद करायची राहून गेली होती. पिग्मी एजंटाच्या वहीत त्यांचे आकडे सापडले म्हणून निभावले. एजंटाची ती वही, फाटक्या पुठ्ठ्याची, त्या संस्थेतला सर्वांत विश्वासार्ह बॅकअप निघाली.

म्हणून माझा आग्रह काही फार मोठ्या गोष्टीचा नाही. वेधशाळेसाठी शेकडो कोटी खर्च होत असताना तिच्या कच्च्या डेटाची एक प्रत महाराष्ट्रातच, औंढ्यापासून दूर पण हाताशी असावी. पुण्यातल्या आयुकामध्ये लायगोच्या डेटावर काम करणारा 'सारथी' हा संगणक-समूह आधीपासून आहे आणि माणसेही आहेत, तेव्हा जागा शोधत फिरावे लागणार नाही. आणि टेप बदलण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहावा. यंत्रखरेदीला पैसा मिळतो, देखभालीला मिळत नाही, हा आपल्याकडचा जुना अनुभव आहे.

जिल्ह्यासाठीही असेच काहीतरी करता येईल. प्रत्येक कार्यालयाने, सहकारी संस्थेने, रुग्णालयाने आपापले कपाट सांभाळण्यापेक्षा हिंगोलीत एक सामाईक टेपखोली का नसावी? शेतकरी गोदामात माल ठेवतो आणि पावती घेतो, तसे संस्थांनी टेप ठेवावी आणि पावती घ्यावी. चोवीस तास स्थिर तापमान, एक चालू मशीन, एक जुन्या पिढीचे मशीन आणि ते चालवणारी दोन माणसे. जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून निघालेल्या मुलामुलींना यात काम मिळेल. यावर आक्षेप येईल की सगळ्यांच्या टेप एका छताखाली म्हणजे धोकाही एका छताखाली. आक्षेप रास्त आहे. म्हणून तिथे दुसरी प्रत ठेवावी, पहिली नव्हे.

तोवर ज्यांच्याकडे टेप आहेत त्यांनी एक करावे. यातली एक टेप उचला, डोळे मिटून कोणतीही, आणि तिच्यातली एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवा. संचालक मंडळाच्या बैठकीत, सर्वांसमोर. त्या पतसंस्थेत आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हे होते. मागच्या खेपेला गेलो तेव्हा कपाट आतल्या खोलीत हलले होते, टेप उभ्या होत्या, त्यांच्यावर वारांऐवजी तारखा होत्या. शेजारी एक वही होती. 'टेप क्र. ११, उघडली, सभासद खाते क्र. ४०२ची नोंद जुळली' अशा ओळी आणि खाली सही.